सेनापति आणि मध्यस्थ : हरिपंत फडके

जयगडच्या किल्ल्यांत गणपतीचें देऊळ आहे आणि तेथेंच जयबा नांवाच्या एका पुरुषाचें स्मारक आहे. किल्ला बांधीत असतां तट वारंवार ढांसळूं लागला, तेव्हां या जयबानें आपण होऊन स्वतःस पायाच्या चरांत गाडून घेतलें, मग तट उभा राहिला, आणि म्हणून या दुर्गास जयगड हें नांव पडलें, अशी आमच्याकडील दंतकथा आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरेल कीं नाहीं, हा प्रश्न निराळा. शाळेंत मुलांस ही कथा सांगतांना मी एवढेंच म्हणत असें कीं, इमारतीचा कळस सर्वांस दिसतो, पायाचा दगड कोणासहि दिसत नाहीं; परंतु तो दगड निखळला म्हणजे काय होतें, तें मात्र सर्वांस दिसतें.

पेशवाईच्या उत्तरार्धांत असा पायाचा दगड होऊन राहिलेला एक पुरुष होऊन गेला. नाना फडणीस आणि महादजी शिंदे हीं दोन नांवें घरोघरच्या मुलांस पाठ असतात. परंतु या दोघांच्या मध्यें उभे राहून १७७४ पासून १७९४ पर्यंत, म्हणजे पुरीं वीस वर्षें, ज्यांनीं रणांगणावर तलवार आणि तहाच्या डेऱ्यांत वाणी अशा दोन्हीं साधनांनीं राज्य सांवरलें, त्या हरि बल्लाळ ऊर्फ हरिपंत फडके यांचें नांव निघालें, तर बहुतेकांस पुण्यांतील फडके हौदापलीकडे कांहीं आठवत नाहीं. तात्या या घरगुती नांवानेंहि ते तत्कालीन पत्रांतून भेटतात. त्यांचें चरित्र वाचकांपुढें थोडक्यांत ठेवावें, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

सेनापतीनें पुढें राजदूत व्हावें, ही गोष्ट आज नवलाची राहिलेली नाहीं. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापति जनरल करिअप्पा हे निवृत्तीनंतर ऑस्ट्रेलियांत आपल्या देशाचे उच्चायुक्त होते; जनरल चौधरी कॅनडांत होते; जनरल गोपाळ गुरुनाथ बेवूर हे १९७५ सालीं सरसेनापतिपदावरून निवृत्त झाल्यावर डेन्मार्कमध्यें राजदूत म्हणून गेले. विलायतेंत वेलिंग्टनचें उदाहरण प्रसिद्धच आहे. १८०३ सालीं असईच्या लढाईंत शिंद्यांच्या फौजेशीं लढलेला हाच पुरुष १८१४ सालीं पॅरिस येथें इंग्लंडचा वकील झाला. परंतु या सर्वांनीं आधीं एक वस्त्र उतरविलें आणि मग दुसरें धारण केलें. हरिपंतांस ती सवड मिळाली नाहीं. त्यांचा तहाचा डेरा बहुधा त्यांच्या छावणींतच उभा असे.

फडके हें कोंकणस्थ घराणें. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या नजरेखालीं जी कर्तीं माणसें तयार झालीं, त्यांपैकीं हरिपंत हे एक होत. प्रथम त्यांच्या हातीं लेखणी आली, तलवार मागाहून आली. हिशेबाची शिस्त, पत्राचा मजकूर नेमका लिहिण्याची सवय आणि धन्याच्या मनांत काय आहे तें ओळखण्याची दृष्टि, हे कारकुनी गुण पुढें सेनापतीच्या अंगीं किती उपयोगीं पडतात, तें त्यांच्या चरित्रावरून दिसून येतें.

१७७३ च्या ऑगस्टांत नारायणराव पेशव्यांचा वध झाला. राघोबादादा गादीवर बसले आणि त्यांच्याविरुद्ध बारभाईंचें कारस्थान उभें राहिलें. त्यांत नाना होते, सखारामबापू होते, त्रिंबकराव पेठे होते आणि हरिपंतहि होते. त्रिंबकमामा हे फौजेचे मुख्य. परंतु १७७४ च्या मार्चांत पंढरपुराजवळ कासेगांव येथें दादांशीं लढाई होऊन ते जखमी झाले, शत्रूच्या हातीं सांपडले आणि मृत्यु पावले. गंगाबाईंच्या पोटीं अद्याप मूल जन्मलेलें नव्हतें. फौज मोडलेली, सेनापति गेलेला, आणि ज्याच्या नांवानें लढावयाचें तो धनी मातेच्या उदरांत! अशा वेळीं सैन्याची धुरा हरिपंतांवर आली. पुढच्या महिन्यांत पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, आणि हरिपंत दादांच्या पाठीवर बऱ्हाणपुरापर्यंत, नर्मदेपर्यंत आणि तेथून गुजरातेंत गेले.

१७७५ च्या फेब्रुवारींत मही नदीच्या कांठीं त्यांनीं दादांचा पराभव केला. दादा खंबायतेच्या वाटेनें निसटून इंग्रजांच्या आश्रयास गेले आणि मार्चांत सुरतेचा तह झाला. पुढें मे महिन्यांत अडास येथें हरिपंतांची गांठ कर्नल कीटिंगच्या इंग्रजी पलटणीशीं पडली. त्या दिवशीं इंग्रजांचे अनेक अंमलदार पडले. परंतु त्यांच्या तोफांपुढें शेवटीं हरिपंतांस मागें हटावें लागलें. तरीहि हा दिवस त्यांच्या शिक्षणाचा होता, असें मला वाटतें. कवायती पायदळ आणि तोफखाना म्हणजे काय, हें त्यांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलें, आणि या शत्रूशीं समोरासमोर उभें राहून लढणें ही आपली रीत नव्हे, हें ओळखलें.

तें ज्ञान वायां गेलें नाहीं. १७७९ च्या जानेवारींत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी सैन्यास महादजींच्या नेतृत्वाखालीं तळेगांव-वडगांव येथें कोंडून शरण आणणाऱ्यांत हरिपंत होते. १७८१ सालीं जनरल गॉडार्ड बोरघाट चढून खंडाळ्यास येऊन बसला, तेव्हां परशुरामभाऊ पटवर्धनांनीं कोंकणांत उतरून त्याची रसद तोडली आणि हरिपंत व तुकोजी होळकर यांनीं त्यास घाटावर पुढें सरकूं दिलें नाहीं. एप्रिलांत गॉडार्ड पनवेलीकडे परतूं लागला, तेव्हां वाटेंत प्रत्येक झाडाआडून आणि प्रत्येक कड्यावरून त्याच्यावर मारा झाला. मोठी लढाई अशी झालीच नाहीं. परंतु मोहीम फसली. पुढच्याच वर्षीं मे महिन्यांत सालबाईचा तह झाला. तो महादजींनीं घडविला. पण तहाची वाट अशाच मोहिमांनीं मोकळी केली होती.

सिद्धटेकची कथा याच पुरुषाची. भीमेच्या तीरावरील या अष्टविनायकाच्या ठिकाणीं असें सांगतात कीं, एकदां हरिपंतांचें सेनापतिपद गेलें. ते सिद्धटेकास आले आणि एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा त्यांनीं घातल्या. देवस्थान टेकडीवर असल्यामुळें प्रदक्षिणा सबंध टेकडीस घालावी लागते. एकविसाव्या दिवसानंतर दरबाराचें बोलावणें आलें. पुढें जो किल्ला पहिला जिंकीन त्याचे दगड आणून वाट बांधीन, असा नवस त्यांनीं केला होता, आणि त्याप्रमाणें बदामीच्या दगडांनीं तेथील फरसबंदी केली. ही परंपरागत कथा आहे. बदामीचा किल्ला मराठ्यांनीं टिपूपासून १७८६ च्या मे महिन्यांत घेतला, हा मात्र इतिहास आहे. त्यानंतर नाना पुण्यास परतले आणि मोहिमेचा सर्व भार हरिपंतांवर पडला. टिपूनें भर पावसाळ्यांत तुंगभद्रा ओलांडून मराठ्यांस सावनुराकडे पेंचांत धरलें. जय-पराजय दोहींकडे झाले आणि १७८७ सालीं गजेंद्रगडचा तह होऊन बदामी, नरगुंद, कित्तूर हे मुलूख मराठ्यांकडे आले. टिपू किती चपळ आणि किती धाडसी आहे, हें हरिपंतांस तेव्हांच कळून चुकलें.

आतां त्यांच्या आयुष्यांतील मुख्य प्रसंगाकडे वळूं. १ जून १७९० रोजीं पुण्यास इंग्रज, निजाम आणि पेशवे यांचा टिपूविरुद्ध तह झाला. परशुरामभाऊ आधींच धारवाडाकडे गेले होते. १७९१ च्या आरंभीं हरिपंत पुण्याहून निघाले. इकडे गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिस बंगळूर घेऊन मे महिन्यांत श्रीरंगपट्टणाजवळ पोंचला. त्यानें लढाई जिंकली, परंतु पाऊस सुरू झाला, बैल मेले आणि धान्य संपलें. आपल्या मोठ्या तोफा स्वतःच्याच हातांनीं निकामी करून तो उपाशी सैन्यासह परत फिरला. मेलकोट्याच्या बाजूस एकाएकीं घोडेस्वारांचे थवे दिसूं लागले. इंग्रजांस तो टिपूच वाटला. गोळीबार होणार, इतक्यांत कळलें कीं, ही हरिपंत आणि परशुरामभाऊ यांची फौज आहे.

त्या दिवसाचें वर्णन इंग्रज ग्रंथकारांनींहि मोठ्या चवीनें केलें आहे. मराठ्यांच्या छावणीबरोबर सबंध बाजार चालत असे. त्यांत धान्य तर होतेंच, शिवाय विलायती कापडापासून काश्मिरी शालीपर्यंत वाटेल तें मिळत होतें. भाव मात्र भुकेल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून! इंग्रजी सैन्याचे प्राण या बाजारानें वांचविले. आणि लगेच हरिपंतांनीं आपल्या खर्चाची अडचण पुढें मांडून कॉर्नवॉलिसकडे कर्ज मागितलें. चीनच्या व्यापारासाठीं ठेवलेल्या रकमेंतून त्यास लक्षावधि रुपये काढून द्यावे लागले. इंग्रज इतिहासकार याबद्दल हरिपंतांस लोभी म्हणतात. मला त्यांत कारकुनाचा हिशेब दिसतो. मित्राला अडचणींत मदत करावी. परंतु ती मदत आपण केली आहे, हें त्याच्या वहींत लिहून ठेवावें.

येथें एक विलक्षण योग लक्षांत घेण्याजोगा आहे. ज्या १७८१ सालीं हरिपंतांनीं गॉडार्डास घाट उतरावयास लावला, त्याच सालच्या ऑक्टोबरांत अमेरिकेमध्यें यॉर्कटाऊन येथें वॉशिंग्टनपुढें कॉर्नवॉलिसास शस्त्र खालीं ठेवावें लागलें होतें. आणि पुढें १८०२ सालीं फ्रान्सशीं आमियाँचा तह करावयास इंग्लंडनें याच कॉर्नवॉलिसास पाठविलें. म्हणजे श्रीरंगपट्टणाच्या डेऱ्यांत जे दोघे शेजारीं बसले होते, ते दोघेहि सेनापति आणि दोघेहि तह करणारे. दोघांनींहि पराभव कसा असतो तें पाहिलेलें होतें. ज्यानें कधीं पराभव पाहिला नाहीं, त्याच्या हातीं विजयाचा तह देऊं नये, असें मला नेहमीं वाटत आलें आहे.

१७९२ च्या ६ फेब्रुवारीच्या रात्रीं इंग्रजांनीं श्रीरंगपट्टणाची बाहेरची फळी फोडली आणि वेढा पडला. टिपूचे वकील आले. एका बाजूस इंग्रजांचा केनवे, निजामाचा मीर आलम आणि हरिपंतांचे वकील. दुसऱ्या बाजूस टिपूचीं माणसें. प्रश्न एकच होता : टिपूस समूळ नाहींसा करावयाचा कीं वांकवून सोडावयाचा? परशुरामभाऊ तेव्हां बिदनूर-शिमोग्याच्या बाजूस गुंतले होते. निर्णयाचें ओझें मराठ्यांच्या वतीनें हरिपंतांवरच होतें. टिपूशीं वैर कमी नव्हतें. परंतु पुण्यास नानांचें आणि छावणींत हरिपंतांचें मत असें होतें कीं, टिपू राहावा. कारण टिपू गेला म्हणजे दक्षिणेंत इंग्रजांस अडविणारा मराठ्यांवांचून दुसरा कोणी उरणार नाहीं. कॉर्नवॉलिसहि आपल्या कारणांसाठीं तहास राजी होता.

टिपूनें अर्धें राज्य सोडावें, तीन कोटी तीस लक्ष रुपये द्यावे आणि ते फिटेपर्यंत आपले दोन मुलगे ओलीस ठेवावे, असें ठरलें. २६ फेब्रुवारीस तीं लहान मुलें इंग्रजी छावणींत आलीं. मध्यंतरीं कुर्गच्या मुलखावरून बोलणें फिसकटण्याची वेळ आली, पुन्हां वेढ्याची तयारी झाली, आणि अखेर १८ मार्च रोजीं तह पुरा झाला. मुलखाचे तीन सारखे वाटे झाले आणि मराठ्यांची हद्द पुन्हां तुंगभद्रेस जाऊन भिडली.

या तहावर आक्षेप घेणारे आहेत. कोणी म्हणतात, टिपूस तेव्हांच संपवावयास हवा होता. कोणी म्हणतात, इंग्रजांशीं दोस्ती केली हीच चूक. त्यांस बळ दिलें आणि ज्या टिपूचा उपयोग व्हावयाचा त्यालाच अर्धा करून ठेवला. दुसरा आक्षेप वजनदार आहे, हें मी कबूल करतों. परंतु पहिल्या आक्षेपास इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडलें व टिपू मारला गेला, आणि त्यानंतर चार वर्षांच्या आंत, १८०२ च्या ३१ डिसेंबरला, बाजीरावानें वसईच्या तहावर सही करून स्वराज्याची किल्ली इंग्रजांच्या हातीं दिली. शत्रूचा नाश करण्यापेक्षां त्यास मर्यादेंत ठेवणें कधीं कधीं अधिक कठीण आणि अधिक हितावह असतें. आपल्या नीतिशास्त्रांत राजाला सांगितलेल्या सहा गुणांत संधि हा पहिला आहे, विग्रह त्याच्यामागून येतो. हा क्रम मुलांकडून पाठ करून घेणें सोपें आहे; जिंकलेल्या दिवशीं तो आठवणें सोपें नाहीं. हरिपंतांस तो त्या दिवशीं आठवला.

परक्यांशीं तह करून हरिपंत घरीं आले, तों घरांतच तह करण्याची पाळी आली. १७९२ च्या जूनमध्यें महादजी बारा वर्षांच्या उत्तरेंतील पराक्रमानंतर पुण्यास आले. त्यांनीं बादशहाकडून आणलेल्या वस्त्रांचा आणि फर्मानांचा समारंभ मोठ्या थाटानें झाला. परंतु नानांच्या मनांत किल्मिष आलें. तरुण पेशवा महादजींच्या मोकळ्या स्वभावास भुलूं लागला होता. उत्तरेंतील खर्चाचे हिशेब तुंबलेले होते. शिंदे-होळकरांचें वैर विकोपास जाऊन १७९३ च्या जूनमध्यें लाखेरीस दोन्हीं मराठी फौजा एकमेकांवर तुटून पडल्या. पुण्यांत संशय इतका वाढला कीं, नानांनीं तासगांवाहून परशुरामभाऊंस फौजेनिशीं बोलावून घेतलें. काशीस निघून जाण्याची भाषा नाना बोलूं लागले.

दोघांपैकीं कोणीहि हलकें माणूस नव्हतें, आणि संकटाचें कारण तेंच होतें. हलक्या माणसांचें भांडण धमकावून मिटवितां येतें. थोरांचें भांडण कोणी मिटवावें? दोघांच्याहि विश्वासांतला, दोघांच्याहि बरोबर रणांत उभा राहिलेला आणि दोघांपैकीं कोणाच्याहि जागेवर डोळा नसलेला एकच पुरुष होता. हरिपंत एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत जात राहिले. त्यांच्या आणि इतर मंडळींच्या खटपटीनें अखेर नाना आणि महादजी यांचें सख्य झालें. हिशेबाचा उलगडा झाला. पुण्याच्या रस्त्यावर मराठ्यांचें रक्त सांडलें नाहीं. ज्या लढाया झाल्या नाहींत त्यांची बखर कोणी लिहीत नाहीं. म्हणून हा हरिपंतांचा सर्वांत मोठा विजय बहुतेकांस ठाऊक नाहीं.

१२ फेब्रुवारी १७९४ रोजीं वानवडीस महादजी वारले. त्याच सालच्या जूनमध्यें सिद्धटेक येथें, ज्या गजाननास त्यांनीं प्रदक्षिणा घातल्या असें सांगतात, त्याच्याच पायांशीं हरिपंतांनीं देह ठेविला. पुढच्या वर्षीं मार्चांत खर्ड्यास सर्व मराठे सरदार एका निशाणाखालीं लढले. त्यांत हरिपंतांचे चिरंजीव बाबाराव फडकेहि होते. तो एकत्र मिळविलेला शेवटचा मोठा विजय. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत सवाई माधवराव गेले आणि वारसाचा प्रश्न उभा राहिला. पटवर्धन आणि नाना हे एकमेकांचे जन्माचे स्नेही. तेहि १७९६ सालीं एकमेकांपासून दुरावले आणि नानांस महाडास पळून जावें लागलें. पुढच्या वर्षाच्या अखेरीस दौलतराव शिंद्यांनीं नानांस कैद केलें. महादजी आणि नाना यांच्यांतील तेढ यापेक्षां लहान नव्हती. फरक एवढाच कीं, तेव्हां एका वाड्यांतून दुसऱ्या वाड्यांत जाणारा माणूस हयात होता; आतां तो नव्हता.

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस हें फार समजावून सांगावयास नको. प्रत्येक मोठ्या घरांत असा एक माणूस असतो. तो बहुधा वडील भाऊ नसतो आणि सर्वांत मिळवताहि नसतो. दोन कर्त्या पुरुषांचें बोलणें बंद झालें कीं, हा माजघरांतून ओटीवर आणि ओटीवरून माजघरांत निरोप नेतो. निरोपांतला कडू शब्द वाटेंत टाकून देतो. आमच्या घरीं माझे धाकटे चुलते असे होते. ते असेपर्यंत पांच चुलींचा संसार एका चुलीवर चालला. ते गेल्यावर सहा महिन्यांच्या आंत आमच्या ओटीच्या मधोमध भिंत उभी राहिली. भांडणाचें कारण एक फणसाचें झाड होतें. तीं भांडणें त्यांच्या हयातींतहि होतींच, हें आम्हांस मागाहून कळलें. त्या वेळीं आम्हां मुलांस वाटे कीं, काका कांहींच काम करीत नाहींत!

जयगडचा किल्लाहि १८१८ सालीं इंग्रजांच्या हातीं गेला. तट तेव्हां पडलेला नव्हता. तो आजहि पुष्कळसा उभा आहे. शास्त्री नदीच्या मुखावर उभें राहून पाहिलें म्हणजे समोर तवसाळचा किनारा दिसतो, खालीं तर ये-जा करीत असते, आणि बुरुजावर वारा सोडून दुसरें कोणी पहारा देत नाहीं. दगडांत चूक नव्हती. राज्य गेलें तें दगड धरून ठेवणारीं माणसें गेलीं म्हणून.

म्हणून मुलांस थोरांचीं चरित्रें सांगतांना किल्ले कोणीं घेतले एवढेंच सांगून थांबूं नये. जिंकल्यावर कोण थांबला आणि रुसलेल्यांस कोणीं एका पंक्तीस बसविलें, हेंहि सांगावें. आपल्या घरांतहि तो माणूस कोण आहे, तें तो असतांनाच ओळखावें.